ट्रिब्यूनचं दार

रेआते, फेब्रुवारीअखेर

नेरियाकडून धाकट्या भावाला, विबियसला. तू धडधाकट असलास तर आमचं निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं खेचरांकडे बघतो आहोत.

एवढ्या मोठ्या माणसाला पत्र कसं लिहायचं ते मला कुणी शिकवलेलं नाही. तू आता लोकांचा ट्रिब्यून. तुझ्या अंगाला हात लावेल तो देवांचा गुन्हेगार, असं इथला पुजारी सांगत होता. लहानपणी मी तुझ्या पाठीत किती धपाटे घातलेत ते आठवून मला घाम फुटला. ते सगळे तू निवडून यायच्या आधीचे आहेत, हे लक्षात असू दे.

बाबांचं विचारशील. गेल्या उन्हाळ्यात तू निवडणुकीला उभा राहिलास तेव्हापासून त्यांनी तुझं नाव टाकलंय ते टाकलंयच. खेचरांचा धंदा सोडून पोरगा रोमला जाऊन बसला, हे काही त्यांच्या पचनी पडत नाही. तरी तुझी खबर लागते त्यांना. परवा जेवताना तुझे भाऊजी म्हणाले, "ट्रिब्यूनच्या घराचं दार म्हणे वर्षभर लावायचंच नाही. दिवसा नाही, रात्री नाही. कुणीही गांजलेला कधीही आत आला पाहिजे." बाबांनी मसुराच्या वाटीतून मान वर केली. "चोरांची चांगली सोय झाली," म्हणाले, आणि पुन्हा खाली घातली. मी हसले तर माझ्यावरच डाफरले.

त्यांना थोडा खोकला आहे. हिवाळ्याचा असेल.

आपल्या मिठाच्या रस्त्याने जाणाऱ्या खेचरवाल्यांबरोबर चीज आणि लोकरीची घोंगडी पाठवते आहे. घोंगडी बाबांनीच गाठोड्यात कोंबली. "दार उघडं ठेवून झोपतोय गाढव," एवढंच बोलले. एप्रिलच्या सणाला घरी ये आणि काय ते समोरासमोर मिटवून टाक. दोघांच्या मध्ये उभं राहून माझे पाय दुखायला लागलेत.


रोम, मार्चचा पहिला आठवडा

ताईला विबियसचा नमस्कार. तू ठीक आहेस म्हणजे घर ठीक आहे, हे मी धरून चालतो.

घोंगडी अंगावर घेऊनच लिहितो आहे. खरंच गार वारा येतो गं. दारावरचा म्हातारा गुलाम पहिले कित्येक दिवस सवयीने अडसराकडे हात न्यायचा. शेवटी मी अडसरच काढून चुलीत घातला. आता दाराला लावायला काही उरलंच नाही. कुत्री येतात, शेजारच्या कोंबड्या येतात, आणि माणसं तर येतातच येतात. कुणाची भिंत पाडली, कुणाला शिपायांनी मारलं. सगळ्यांचं मी सोडवू शकत नाही. पण ऐकायला घरी कुणीतरी असतं, हे त्यांना ठाऊक असतं.

सणाला येणं जमणार नाही. बाबांना हे नीट सांग, नाहीतर ते पुन्हा गैरसमज करून घेतील. ट्रिब्यूनला वर्षभरात एकही रात्र शहराबाहेर काढता येत नाही. माझी ताकद माझ्या अंगात आहे, ताई. कुठल्या शिक्क्यात नाही, चिठ्ठीत नाही. माणसाला कॉन्सलचे दंडधारी धरत असतील, तर मी तिथे प्रत्यक्ष जाऊन, मध्ये उभं राहून "मी मना करतो" म्हणावं लागतं. मग राज्य चालवणारा कॉन्सल असला तरी त्याचा हात थांबतो. मी तिथे नसलो तर माझं नाव घेऊन काडीचा उपयोग नाही.

हे आम्हाला कुणी दान म्हणून दिलेलं नाही. राजांना हाकलल्यावर थोरामोठ्या घराण्यांनी सगळं आपल्याच ताटात वाढून घेतलं, तेव्हा शिपाई, चांभार, भट्टीवाले, सगळे उठले आणि शहर सोडून आनियो नदीपलीकडच्या डोंगरावर जाऊन बसले. दगड मारला नाही की आग लावली नाही. नुसते बसले. चार दिवसांत थोरांच्या लक्षात आलं की रिकाम्या शहरावर सत्ता गाजवता येत नाही. तिथून आम्ही ट्रिब्यून आलो. तेव्हा आपण साबाइन लोक रोमन नव्हतोही. आपल्या पणजोबांच्या वेळी आपल्याला मत मिळालं. आणि आज रेआतेच्या खेचरवाल्याचा मुलगा त्या जागेवर बसतो. मला याचा माज आहे, ताई, खोटं कशाला सांगू.

सध्या कॉन्सल स्पेनच्या लढाईसाठी भरती करतो आहे. सिक्कियस नावाचा एक कुंभार माझ्याकडे आला. त्याने आपल्या वाटच्या सगळ्या मोहिमा केल्यात, मांडीत भाल्याचं टोक अजून आहे, आणि तरी त्याला पुन्हा बोलावलंय. नाही आला तर चौकात फटके. आम्ही दहा ट्रिब्यून आहोत, पण बाकीचे नऊ सध्या कॉन्सलच्या घरी जेवायला जातात. म्हणून मी एकटाच उरलो.

बाबांना माझी लाज वाटते का गं? तेवढं खरं लिही.


रेआते, मार्चचा मध्य

नेरियाकडून विबियसला. बरी आहे. घरही जागेवर आहे.

तुझं पत्र मी बाबांना वाचून दाखवलं नाही. म्हणजे दाखवायला गेले तर म्हणाले, "मला काय करायचंय." मग मी शेजारच्या खोलीत तुझ्या भाऊजींना मोठ्यांदा वाचून दाखवलं. मधेच कुंभाराचं आलं तेव्हा पलीकडून आवाज आला, "मांडीत कुठे? वर की खाली?" मी म्हटलं, लिहिलेलं नाही. तर म्हणे, "वर असेल तर त्याला चालवणारच नाही. विचार त्याला." थोड्या वेळाने पुन्हा, "कुठल्या पलटणीत होता?" आणि मग, "नऊही जण जेवायला जातात? नऊही?"

नंतर मी आत डोकावले तर भिंतीकडे तोंड करून पडले होते. कार्थेजच्या लढाईतल्या त्यांच्या जुन्या कमरपट्ट्यावर हात होता.

लाजेचं तू विचारलंस. मला काय माहीत! त्यांच्या पोटातलं त्यांच्या खेचरांनाही कळत नाही. सणाला तू येणार नाहीस असं सांगितलं तेव्हा म्हणाले, "येऊ नकोच म्हणावं." रागाने म्हणाले की कसं, ते मला कळलं नाही. तुला कळलं तर तू सांग.

खोकल्याचं काही विशेष नाही.


रोम, मार्चअखेर

विबियसकडून नेरियाताईला, घाईत. खुशालीचं नंतर.

आज सकाळी कॉन्सलचा कारभारी माझ्या दारात आला. माणूस तुपाळ. "साहेबांची जमीन रेआतेकडे आहे ना, तिथून खबर आली. आपले वडील अत्यवस्थ आहेत. साहेबांनी स्वतःची गाडी दिलीय. राजकारण राजकारणाच्या जागी, बाप बापाच्या जागी." बाहेर खरंच गाडी जुंपून उभी होती. आणि ताई, खेचरं आपल्याच कळपातली, कधीतरी त्यांना विकलेली. कानाची खूण मी लांबून ओळखली. त्यांतल्या एकाने मला हुंगलं. मी तिथेच मऊ झालो.

हे मला शहराबाहेर काढण्यासाठी आहे हे शेंबड्या पोरालाही कळेल. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी कॅपिटॉलच्या टेकडीवर सिक्कियसचं नाव पुकारणार आहेत. मी नसलो की त्याला धरायचं, आणि त्याला धरलं की त्याच्यासारखे शेकडो मुकाट पुढे येणार. पण डाव त्यांचा असला म्हणून खबर खोटीच असेल असं नाही ना? तू दोन पत्रांत खोकल्याबद्दल लिहिलंस, आणि दोन्ही वेळा इतकं थोडं लिहिलंस की मला भीती वाटते आहे.

मी गाडी परत पाठवली आहे. पण तू एक शब्द लिही. बाबा खरंच त्या अवस्थेत असतील, तर मी सगळं इथेच टाकून निघतो. लोकांना आणखी ट्रिब्यून मिळतील. मला बाप एकच आहे, आणि तो माझ्याशी वर्षभर बोललेला नाही. हे असंच अर्धवट राहिलं तर मी जन्मभर स्वतःला माफ करणार नाही.

पत्र घेऊन येणारा घोडेस्वार सिक्कियसचा मेव्हणा आहे. उत्तर त्याच्याच हाती दे. तू लिहिशील ते मी खरं धरेन.


रेआते, एप्रिलची सुरुवात

नेरियाकडून विबियसला. आम्ही सगळे उत्तम आहोत.

बाबा ठणठणीत आहेत. कॉन्सलच्या त्या कारभाऱ्याला सांग, दुसऱ्याच्या बापाला मारण्याआधी जरा विचारून घेत जा. कालच त्यांनी कांद्याच्या पातीबरोबर वाटीभर लापशी खाल्ली आणि खेचरं सोडायला उशीर झाला म्हणून गड्यांना शिव्या दिल्या. आत्ता माझ्या शेजारीच बसलेत आणि मी काय लिहिते ते बघतायत. अक्षर वाकडं आलंय, कारण ते सारखे मध्ये बोलतायत.

त्यांनी सांगितलेलं जसंच्या तसं लिहिते. "दुसऱ्याने जुंपलेल्या गाडीत बसायचं नाही. काम अर्धवट टाकून माझ्या दारात आलास तर मी ते लावून घेईन. माझ्या दाराला अडसर आहे."

तर जा आता तुझ्या टेकडीवर.


रेआते, त्याच दिवशी दुपारी

विबू, सकाळचं पत्र फाडून टाक. हे मिठाच्या तांड्याबरोबर पाठवते आहे, आणि तांडा गोगलगायीसारखा चालतो हे मला ठाऊक आहे. दुसरं कुणी मिळालं नाही.

बाबा ठणठणीत नाहीत. महिनाभर अंथरुणाला खिळले आहेत, लापशी दोन घास जाते. माझा हात धरून त्यांनी ते लिहून घेतलं. मी नाही म्हटलं तर स्वतः उठून लिहायला निघाले. आणि तो घोडेस्वार दारात उभा होता, टोपी हातात घेऊन. मी काय देते आहे ते त्याला माहीत नव्हतं. सारखा मला म्हणत होता, "ताई, ट्रिब्यून आहेत ना तिथे? हलणार नाहीत ना?" मला त्याच्याकडे बघवेना. मी दिलं.

तो वळणाआड गेला तसे बाबा म्हणाले, "डोली काढा." मी विचारलं, कुठे? म्हणाले, "त्याला रात्र बाहेर काढायची मनाई. मला कुठे मनाई आहे?" वैद्य हातापाया पडला. त्याला म्हणाले, "तू त्याला मत दिलं होतंस का? नाही ना? मग गप्प बस." डोलीला दोन सगळ्यांत शहाणी खेचरं बांधून तुझे भाऊजी बरोबर गेले आहेत. मी अंगणात उभी आहे, आणि मला रडावं की हसावं ते कळत नाही. तुझ्यापर्यंत ते पोचावेत, एवढंच देवांकडे मागते.


रोम, एप्रिलअखेर

विबियसकडून नेरियाताईला.

भाऊजींनी गुलामाबरोबर निरोप पाठवला, तेव्हा मुख्य गोष्ट तुला कळली आहे. ती मी पुन्हा लिहीत नाही. बाकीची लिहितो. माझ्या शब्दांत तुला मिळायला हवी.

त्या दिवशी टेकडीवर पाय ठेवायला जागा नव्हती. कॉन्सल आपल्या हस्तिदंती आसनावर, पुढे त्याचे दंडधारी. सिक्कियसचं नाव पुकारलं. तो जागचा हलला नाही. पुन्हा पुकारलं. मग एका दंडधाऱ्याने त्याचा झगा धरला आणि ओढला, तो फाटला. मी मध्ये जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं, "मी मना करतो." आवाज माझा मलाच बारीक वाटला. दंडधारी माझ्यापासून एवढ्या जवळ होता की त्याच्या तोंडाला लसणाचा वास येत होता. त्याने कॉन्सलकडे पाहिलं, पण हात पुढे केला नाही.

कॉन्सल हसला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "खेचरवाल्याचा पोरगा. खेचरासारखाच अडलाय."

आजूबाजूची मोठी मंडळी हसली. तेवढ्यात गर्दीच्या मागून एक खरखरीत आवाज आला. "रेआतेचं आहे, साहेब! ओझं सांगाल तेवढं उचलतं. काठीने हलत नाही."

मग मात्र अख्खी टेकडी हसली. कुंभार, भट्टीवाले, जुने शिपाई, सगळे. कॉन्सलच्या पुढचे दोन दंडधारी पण हसले, मी पाहिलं. तो आवाज मी झोपेतही ओळखला असता. वळून बघायची मला छाती झाली नाही. बघितलं असतं तर मी तिथेच लहान झालो असतो. मी कॉन्सलकडेच बघत राहिलो. आणि तो थोड्या वेळाने लेखनिकाला म्हणाला, "पुढचं नाव घ्या." एवढंच. सिक्कियस सुटला, आणि मोहिमा पुऱ्या केलेले सगळेच त्याच्या मागून सुटले.

मग मी वळलो. गर्दीने वाट करून दिली होती. डोलीत बाबा कोपरावर उठून बसले होते, तो जुना कमरपट्टा घालून, आणि तो त्यांना दोनदा गुंडाळता आला असता इतके ते वाळले होते. मी म्हटलं, "बाबा, ताईने तर..." ते म्हणाले, "तिला रागावू नकोस. खोटं माझं आहे, अक्षर तिचं." आणि मग मला खालपासून वरपर्यंत पाहून, "उभा चांगला राहतोस. आवाज जरा मोठा काढ."

वर्षभराने हे पहिलं बोलणं.

भाऊजी सांगत होते, आनियोचा पूल ओलांडण्याआधी त्यांनी डोली थांबवायला लावली आणि तो डोंगर कुठला ते विचारलं. दाखवला तर म्हणाले, "एवढासाच?" मग बराच वेळ बघत राहिले.

घरी आल्यावर त्यांनी आधी दार पाहिलं. चौकटीत अडसराच्या खोबणीत बोट घालून पाहिलं. "खरंच काढलास की." आतल्या उबदार खोलीत त्यांची सोय केली होती, तर ऐकेनात. दाराशीच, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या वाटेत अंथरूण घालायला लावलं. वारा लागेल म्हटलं तर म्हणाले, "लागू दे. मला बघायचंय कोण येतं ते." आणि ताई, ते बघत बसले. प्रत्येकाला नाव, गाव, कुठल्या लढाईत होता ते विचारायचे. जो नऊ ट्रिब्यूनांपैकी कुणाकडे आधी जाऊन आला असेल त्याला टोमणा मारायचे, "जेवून आलास का तिकडे?" सिक्कियस रोज नवा घट भरून पाणी आणायचा. त्याची मांडी त्यांनी स्वतः दाबून पाहिली. "वरच आहे," म्हणाले, जिंकल्यासारखे. असे आठ-दहा दिवस मिळाले. वर्षाची भरपाई झाली असं म्हणणार नाही, पण बरीच झाली.

शेवटच्या सकाळी मी त्यांचा हात धरून बसलो होतो. श्वास लांब पडत होता. तेवढ्यात उंबऱ्यात एक भट्टीवाल्याची विधवा येऊन उभी राहिली. दिराने तिला घराबाहेर काढलं होतं. आमच्याकडे पाहून ती मागे सरली. "नंतर येते," म्हणाली. मी हात सोडत नव्हतो. बाबांनी डोळे उघडले आणि माझा हात स्वतःच बाजूला केला.

"आधी त्या बाईचं ऐकून घे," म्हणाले.

मी ऐकून घेतलं. दोन गोष्टी विचारल्या, तिला दुपारी चौकात भेटतो म्हणून सांगितलं. परत वळलो तेव्हा ते गेले होते. डोळे दाराकडेच होते.

रिवाजाप्रमाणे त्यांना दर्शनी दालनात ठेवलं, पाय दाराकडे करून. सुरूची डहाळी दाराशी लावली. म्हाताऱ्या गुलामाने रडत विचारलं, आज तरी दार लोटून घेऊ का? मी नाही म्हटलं. माणसं आली, बाबांना हात जोडून त्यांच्या बाजूने आत आली, आणि आपलं गाऱ्हाणं सांगून गेली. मी त्यांच्या उशाशी उभा राहून ऐकत होतो. इतका ताठ मी कधी उभा राहिलो नव्हतो.

अस्थी भाऊजींबरोबर पाठवतो आहे. माझ्या हाताने त्या रेआतेच्या मातीत ठेवायच्या होत्या. तेवढं मला करता येत नाही, ते तू कर.


रेआते, मे महिना

नेरियाकडून माझ्या भावाला, लोकांच्या ट्रिब्यूनला. आपण दोघं ठीक असलं पाहिजे, कारण आता वर कुणी नाही.

तुझे भाऊजी आले. त्यांनी सांगितलं की तू अस्थींचा घट छातीशी धरून आनियोच्या पुलापर्यंत चालत आलास, तिथे तो त्यांच्या हाती दिलास, आणि दिवस मावळायच्या आत शहरात पोचायला हवं म्हणून लगेच माघारी फिरलास. "मागे वळून पाहिलं का त्याने?" मी विचारलं. "नाही," म्हणाले, "पण पुलावर थोडा जास्त वेळ उभा होता." मी खूप रडले, विबू. थोडी तुझ्या त्या पदावरही चिडले. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं. त्या बाईचं वाचलं, आणि राग गेला. बाबांनी आजवर स्वतःच्या आधी दुसऱ्या कुणाचं मला ऐकू दिलं नव्हतं. तुझ्या दारात बसून ते काय शिकले ते मला दिसलं.

आपल्या रस्त्याकाठच्या जागेत, आईशेजारी ठेवलंय त्यांना. कॉन्सलच्या जमिनीवरचा मुकादम पण आला होता, खाली मान घालून. मी त्याला लापशी वाढली.

आता दगडाचं सांगते. इथला पाथरवट सगळ्यांच्या कबरीवर कोरतो तसंच त्याने कोरलं. खाली नाव, वर दोन फळ्यांचं बंद दार. मृतांच्या घराचं दार म्हणे. मोठ्या हौसेने दाखवायला आणलं, कड्या आणि खिळे सगळं हुबेहूब. मी म्हटलं, हे चालणार नाही, दुसरा दगड घे. तो वैतागला. "अहो बाई, हातभर खोल उघडं दार कोरायचं म्हणजे दुप्पट मेहनत. आणि उघडं कशाला? सगळ्यांचं बंदच असतं."

मी त्याला म्हटलं, "सगळ्यांचं असू दे. आमच्या घरात दार लावत नाहीत."